शोधपत्रकारितेची वर्षभराची वर्गणी: सगळं छापतात, खटल्याचा क्रमांक तेवढा नाही

किंमत आधी सांगतो, कारण माझं अर्धं मत तिच्यावरच बेतलेलं आहे. दिवाळीच्या सवलतीत वर्षाचे ९९९ रुपये. वेबसाइटचं नाव लिहीत नाही. त्यांच्याकडे माझी एक तक्रार अजून उघडी आहे आणि ती मिटेपर्यंत जाहीर बभ्रा करायचा नाही असं ठरवलंय. ॲप कसं आहे, एका खात्यावर किती फोन चालतात, याच्या तपशिलात जात नाही. ॲप चालतं, अक्षर मोठं करता येतं, माझ्या वयाला तेवढं पुरे.

एक गोष्ट मात्र पहिल्या महिन्यापासून सलतेय. डिजिटल पेपरची रद्दी येत नाही. कागदी पेपरचं बिल वाढलं तरी महिनाअखेरीला थोडे पैसे परत हातात पडतात. इथे गेले ते गेलेच. आमच्या हिनं तर वर्गणी घेतली त्याच दिवशी विचारलं होतं, मग मांडणीवर काय फोन अंथरायचा?

तरी घेतली, ती 'पुरस्कारप्राप्त शोधवृत्तं' या दोन शब्दांना भुलून. नोकरी लेखापरीक्षणात झाली. नगरपालिका, पंचायत समित्या, जिल्हा परिषदा यांची दप्तरं तपासण्यात उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे कुणी घोटाळा खणून काढला म्हटलं की मला कादंबरीपेक्षा जास्त गोडी वाटते. आणि माल खरंच चांगला निघाला. पाणीपुरवठा योजनेवरची एक मालिका होती. अंदाजपत्रकात ११० मिलिमीटरचा पाइप, खड्ड्यात ७५चा. वार्ताहरानं मोजमाप पुस्तिकेच्या पानाचा फोटोच दिला होता. एका आकड्यावर दुसरा आकडा गिरवलेला आणि शेजारी कुणाची आद्याक्षरी सही नाही. आमच्याकडे नवीन पोराला सगळ्यात आधी हेच शिकवायचे, की खाडाखोड दिसली की सही शोध. त्या पोरानं (पोरगंच असणार, फोटोत सावली पडलेली दिसते) ते बरोबर हेरलं होतं. मी ते पान मोठं करकरून पाहिलं.

आता दुखणं. त्या मालिकेच्या माथ्यावर सोनेरी फीत आहे, पुरस्कार मिळाल्याची. शेवटच्या भागाच्या शेवटी एक ओळ आहे: चौकशी समिती नेमली असून प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. संपलं. कुठलं न्यायालय? अर्ज कुणाचा? क्रमांक काय? पुढे काहीही नाही. पुरस्काराची फीत नंतर चढवली, म्हणजे पान उघडून त्यात बदल करायला कुणीतरी बसलं होतं. मग त्याच बैठकीत एक ओळ खाली का नाही घातली?

आमच्या खात्यात आक्षेप काढणं हे अर्धं काम असायचं. आक्षेपाचा परिच्छेद लिहिला, अहवाल गेला, की खरी कटकट सुरू. अनुपालन (आक्षेपावर पुढे काय केलं त्याचं उत्तर) आलं का, वसुली झाली का, चलन जोडलंय का. ते सगळं पाहिल्याशिवाय परिच्छेद मिटायचा नाही. वर्षानुवर्षं प्रलंबित राहायचे, पण प्रलंबित आहेत हे वहीत दिसायचं. विधिमंडळाची पंचायत राज समिती दौऱ्यावर आली की तीच वही काढून बसायची आणि भल्याभल्यांना घाम फुटायचा. या वेबसाइटवर वहीच नाही.

लोक म्हणतील, एवढ्याशा क्रमांकाचं काय घेऊन बसलात. तर सांगतो. सरकारचं 'ई-कोर्ट्स' नावाचं ॲप आहे, फुकट. प्रत्येक खटल्याला १६ अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक असतो. तो टाकला की खटला कुठल्या टप्प्यावर आहे, मागच्या तारखेला काय झालं, पुढची कधी, हे सगळं समोर. पक्षकाराच्या नावावरूनही शोधता येतं, पण नाव पाटील किंवा शिंदे असलं की बसा तपासत. बातमीखाली हा क्रमांक छापायला खर्च शून्य. छापला तर पाठपुरावा वाचकच करतील, वार्ताहराला पाठवायचीही गरज नाही. वर्षभरात मी जेवढी शोधवृत्तं वाचली त्यांतल्या एकातही तो सापडला नाही. निनावी अधिकाऱ्यांची वाक्यं मात्र पोत्यानं.

मी ग्राहक सेवेला लिहिलं. उत्तर आलं, कॅशे साफ करून ॲप पुन्हा सुरू करा. मी पुन्हा लिहिलं, रीतसर, जावक क्रमांक घालून, विषय आणि संदर्भासह. जुनी सवय. उत्तर आलं की तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. नंतर ती मालिका उघडेनाशीच झाली. साइटची रचना बदलली म्हणे. फीत असलेलं पहिलं पान उघडायचं, आतले भाग गायब. त्यावर तक्रार केली ती हीच, अजून उघडी असलेली.

रागाच्या त्या आठवड्यात मी एक काम केलं. माझ्या पिढीला शोधपत्रकारिता म्हटलं की जे प्रकरण आठवतं, त्याचं अनुपालन स्वतः काढायला बसलो. ३१ ऑगस्ट १९८१ ला 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये अरुण शौरींचा लेख आला. मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांच्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानाला मिळणाऱ्या देणग्या आणि बिल्डरांना मिळणारा सिमेंटचा कोटा यांची सांगड त्यात घातली होती. सिमेंट तेव्हा परमिटवर. आमच्या घराचा स्लॅब त्यापायी रखडला होता, सळया पावसात गंजत होत्या. वडील तहसील कचेरीत अर्जावर अर्ज करायचे आणि मंजूर व्हायची ती गिलाव्यापुरती चार पोती. मुंबईत सिमेंट कसं वाटलं जातंय हे वाचल्यावर ते जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

जानेवारी १९८२ मध्ये उच्च न्यायालयात न्यायमूर्ती लेंटिन यांचा निकाल विरोधात लागला, अंतुले पायउतार झाले, त्याच वर्षी शौरींना मॅगसेसे मिळालं. इथवर आम्हाला तोंडपाठ. पुढचं मी निकालपत्रं वाचून जुळवलं.

भाजपच्या रामदास नायकांनी अंतुल्यांवर फौजदारी खटला लावून धरला. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ज्या पदाचा गैरवापर झाल्याचा आरोप आहे ते पद सुटल्यावर खटल्याला पूर्वपरवानगी लागत नाही. खटला लवकर निघावा म्हणून तो उच्च न्यायालयाकडे सोपवला. मग १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठानं, पाच विरुद्ध दोन मतांनी, खटला असा वर सोपवण्याचा आपलाच आदेश चुकीचा ठरवला. दोष कधी सिद्ध झाला नाही. १९९५ मध्ये अंतुले केंद्रात आरोग्यमंत्री, २००६ मध्ये अल्पसंख्याक व्यवहार मंत्री. एका लेखानं मुख्यमंत्री घरी बसवला ही गोष्ट खरी, पण ती अर्धीच आम्ही चाळीस वर्षं सांगत होतो.

गंमत पुढेच आहे. फेब्रुवारी १९८२ मध्ये केंद्रानं सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठवलं आणि १९८९ मध्ये पूर्ण. त्यामागे टंचाई होती, कारखानदारांचा रेटा होता, श्रेय एका लेखाला देता येणार नाही. पण ज्या कोट्यातून हे सगळं उगवलं तो कोटाच उरला नाही. टूजी स्पेक्ट्रमचंही, म्हणजे मोबाइल कंपन्यांना वाटलेल्या लहरींच्या परवान्यांचंही, तसंच. 'पायोनियर'मध्ये जे. गोपीकृष्णन २००८ पासून लिहीत होते. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं १२२ परवाने रद्द केले. डिसेंबर २०१७ मध्ये विशेष न्यायालयानं सगळ्या आरोपींना निर्दोष सोडलं. स्पेक्ट्रमचा 'आधी येईल त्याला आधी' हा प्रकार मात्र गेला आणि लिलाव आला. म्हणजे वहीत दोन रकाने हवेत, एक माणसाचा, एक पद्धतीचा. माणसाच्या रकान्यात बहुधा शून्य असतं, आणि पेपरवाले छापतात ते नेमकं तेवढंच: कोण गेला, कोण अडकला. पद्धतीत काय बदललं हे विचारायला कुणी जात नाही.

हे कळल्यावर मी दोन तारे द्यायचं ठरवून हे लिहायला घेतलं होतं. मग एक वेगळीच गोष्ट घडली.

ग्राहक सेवेचा नाद सोडून मी मालिकेवर ज्याचं नाव होतं त्या वार्ताहरालाच मेल टाकली. आद्याक्षरी सहीचं कौतुक केलं आणि क्रमांक विचारला. उत्तर रात्री अकरा वाजता आलं. त्यानं ती नोकरी सोडलीय. तरीही गायब झालेल्या भागांच्या पीडीएफ पाठवल्या, क्रमांकही पाठवला. मी लगेच ॲपमध्ये टाकला. प्रकरण जिवंत आहे, म्हणणं दाखल करायला पुन्हा मुदत दिलीय, पुढची तारीख पडलीय. इतक्या महिन्यांत वर्गणीतून मिळालेला हा सगळ्यात मोठा आनंद, आणि तो मिळाला वर्गणीच्या बाहेरच्या माणसाकडून.

त्यानं आणखी लिहिलं होतं ते वाचून माझा राग जरा दुसरीकडे वळला. पहिली मालिका झाली की संपादक नवीन काय म्हणून विचारतात, जुन्या तारखेला जायचा प्रवासखर्च मंजूर होत नाही. त्यात बदनामीची नोटीस आली की वकिलाची फी. माझे ९९९ एका तारखेच्या एसटी आणि जेवणातच संपतील. मी हिशेब करून पाहिला, खरंय. म्हणून किंमतीबद्दलची कुरकुर मागे घेतो. रद्दीबद्दलची नाही.

खर्चावरून सांगतो, या वर्षात मनात भरलं ते काम निवडणूक रोख्यांचं, म्हणजे राजकीय पक्षांना देणगी देण्यासाठी बँकेतून घ्यायच्या रोख्यांचं. २०१८ मध्ये 'द क्विंट'च्या पूनम अग्रवाल यांनी स्टेट बँकेतून एक-एक हजाराचे दोन रोखे विकत घेतले आणि प्रयोगशाळेत तपासून घेतले. रोख्यावर देणाऱ्याचं नाव नसतं, सगळं गुप्त, असं सरकार सांगत होतं. अतिनील प्रकाशात धरल्यावर कोपऱ्यात छुपा अक्षर-अंकी क्रमांक उमटला. अर्थ मंत्रालयानं तेव्हा सांगितलं की तो बनावट रोखे ओळखण्यासाठी आहे, बँक त्याची नोंद देणगीदाराच्या नावापुढे ठेवत नाही. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं योजनाच घटनाबाह्य ठरवली. पुढच्या महिन्यात बँकेला तेच क्रमांक जाहीर करायला लावले आणि कुणाचा रोखा कुणी वटवला हे जुळवता आलं. मुळात दोन हजारांचा माल, आणि योजनेत एकूण रोखे विकले गेले ते सुमारे १६,५१८ कोटींचे. अधेमधे नौदलातून निवृत्त झालेल्या कमोडोर लोकेश बत्रांनी माहिती अधिकारात कागद काढले. त्यांवर नितीन सेठींनी २०१९ मध्ये 'हफपोस्ट इंडिया'त मालिका लिहिली आणि रिझर्व्ह बँकेनं आधीच धोक्याची सूचना दिली होती हे बाहेर आलं. ती वेबसाइट नोव्हेंबर २०२० मध्ये बंद पडली. छापणारा राहिला नाही, पण कागद टिकले.

आणि पाहा, तिथेही सगळं एका क्रमांकावरच फिरलं.

असो. पाचांपैकी साडेतीन. अर्धा तारा वार्ताहराचा आहे, कंपनीनं तो आपला समजू नये. मी त्यांना एक नमुनाही करून पाठवलाय: प्रत्येक शोधवृत्ताखाली चार रकाने, आक्षेप, कारवाई, खटल्याचा क्रमांक, कोणत्या तारखेपर्यंतची माहिती. 'सूचना नोंदवली आहे' असं उत्तर आलंय, नोंदीचा क्रमांक अर्थातच नाही.

घ्यायची असेल तर दिवाळीची सवलत येईपर्यंत थांबा आणि पैसे एकदाच भरा, ऑटो-रिन्यूला होकार देऊ नका. तो बंद करायचं बटण ॲपमध्ये नाही, वेबसाइटवर खात्यात जाऊन तळाशी शोधावं लागतं. आवडलेली मालिका त्याच दिवशी पीडीएफ करून ठेवा. मी पुढचं वर्ष भरतोय, त्या पाणीयोजनेची तारीख लागेपर्यंत तरी.