अल-अनॉन, सात महिन्यांनंतर : पावती मिळत नाही

गेल्या गुरुवारी दादाच्या स्कूटरच्या डिकीत परत दारूचा नव्वदचा टेट्रा पॅक सापडला. कोपरा दातानं तोडलेला, खाली पुसायच्या फडक्यात गुंडाळलेला. सात महिने अल-अनॉनच्या, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या गटाच्या, मीटिंगला जाऊन फुकट गेले, असं वाटलं. फुकट तर ती आहेच म्हणा.

मी पतसंस्थेत कॅशियर. पावती नसेल तो खर्च मी धरत नाही. एका खाजगी केंद्रात दादाला महिनाभर ठेवलं, ४५ हजार. पावती आहे, शिक्का तर झकासच. घरी आल्यावर नवव्या दिवशी प्याला. मग चहातून गुपचूप द्यायची पूड, १,८०० रुपये. पुडीवर ना नाव ना गाव. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ती बघून वहिनीला आणि मला असं झापलं! असल्या पुडीत डायसल्फिरम (दारू सोडवायचं औषध) असलं आणि त्यावर माणूस प्याला तर रक्तदाब कोसळून जीवावर बेततं. रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका, फिट येते, हेही त्यांनीच बजावलं. चिठ्ठीवर दोनच गोष्टी लिहून दिल्या: टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ (फुकट, भाषा निवडता येते) आणि अल-अनॉन.

ए.ए. (अल्कोहोलिक्स अनॉनिमस; अनॉनिमस म्हणजे निनावी) पिणाऱ्यांचं, १९३५ पासूनचं. अल-अनॉन घरच्यांचं, १९५१ पासूनचं. दादा म्हणाला, "मी काय बेवडा हाय काय गा?" म्हणून खानापूरहून बस धरून वहिनी आणि मीच बेळगावला.

पहिल्या दिवशी वैताग. एक आजी कन्नडमध्ये बोलता बोलता रडल्या, शेजारच्या बाई मला कानात मराठी करून सांगत होत्या. मी विचारलं, बाटली सापडली तर ओतायची की ठेवायची? कुणी सांगेना! सल्ला द्यायचाच नाही म्हणे, आपापलं सांगायचं. 'हे मी लावलं नाही, मला आवरता येत नाही, मला बरं करता येत नाही', हे ऐकायला दोन तिकिटं?

शेवटी पिशवी फिरली. शंभर टाकले, पावती मागितली. सगळे हसले. ते हसू मला दोन महिने टोचत होतं.

इथं मत बदललं ते हिशेबानं. महिनाअखेरी वही मोठ्यानं वाचतात: खोलीभाडं, चहा, पुस्तकं, शिल्लक ८४ रुपये. गटाच्या बारा परंपरा, म्हणजे नियम, त्यातली सातवी म्हणते, खर्च आपला आपण भागवायचा, बाहेरची देणगी नको. आमच्या वार्षिक सभेतसुद्धा इतका स्वच्छ हिशेब ऐकला नाही. चौथ्या महिन्यात वही माझ्याकडेच आली. मी लगेच छापील पावतीपुस्तक घेऊन गेलो, स्वतःच्या खर्चानं, ६० रुपये. त्याच आजींनी उघडून बघितलं आणि विचारलं, "इथं नाव कुणाचं लिहिणार?"

पुस्तक घरात कोरंच पडून आहे.

शेवटची बस मात्र अजून चुकते. मीटिंग लांबली की वहिनी घड्याळ बघायला लागतात.

तर गुरुवार. आधीचा मी असतो तर पॅकचा फोटो काढून मामांना पाठवला असता, मग रात्री एकपर्यंत आरडाओरडा. डिकी बंद केली. वहिनी दहाला झोपल्या.

"काय शोधूलास?" दादानं विचारलं.

"पाना."

थोड्या वेळानं म्हणाला, "तिथं माझं नाव घेता काय रे?"

"तुझं न्हाई, आमचंबी न्हाई."

"मग बरं," म्हणाला आणि टीव्ही लावला.