दुसरा बघू की तिसरा? कमी बजेटच्या मार्शल आर्ट्स सिक्वेलपैकी रात्र कशावर घालवावी

एका रात्रीत एकच सिनेमा बघायचा आहे, मारामारी खणखणीत हवी आहे आणि यादीत नावापुढे 2, 3, 4 असे आकडे लावलेले डझनभर सिनेमे दिसतायत. अशा अडलेल्या माणसासाठी हे लिहितोय. यातले बरेचसे सिनेमे थिएटरला न लागता थेट डीव्हीडीवर आले. पोस्टरवर पहिल्या भागाचं नाव असतं, आत मात्र नट वेगळा, दिग्दर्शक वेगळा, कधी कधी खेळसुद्धा वेगळा. यात टाकाऊ माल भरपूर आहे. पण त्याच ढिगात असे दोन-तीन सिनेमे आहेत की त्यांच्यातल्या मारामारीपुढे मोठमोठ्या स्टुडिओंचे सिनेमे फिके पडतात. ते लोकांच्या नजरेतून सुटतात याची मला मनापासून हळहळ वाटते.

तीन मालिका शेजारी शेजारी ठेवतो: ‘अनडिस्प्युटेड’, ‘निंजा’ आणि ‘किकबॉक्सर’.

आधी एक कसोटी सांगतो, तिन्हींना तीच लावायची. ठोसा मारणारा आणि ठोसा खाणारा, दोघंही डोक्यापासून पायापर्यंत एकाच फ्रेममध्ये दिसतात का? दिसत असतील तर नट स्वतः लढतोय आणि दिग्दर्शकाचा त्याच्यावर विश्वास आहे. दर सेकंदाला कट पडत असेल, कॅमेरा थरथरत असेल, नुसती मूठ आणि नुसता चेहरा दिसत असेल, तर काहीतरी झाकलं जातंय. पैसा कमी असला की शहर उडवता येत नाही, गाड्यांचा चक्काचूर करता येत नाही. उरतात ती माणसं. ती कसलेली असतील तर कमी बजेटचा फायदाच होतो, कारण कॅमेऱ्याला दुसरीकडे कुठे बघायला जागाच नसते. कसलेली नसतील तर मात्र सगळं उघडं पडतं.

अनडिस्प्युटेड: दुसरा आणि तिसरा

पहिला भाग 2002 चा. दिग्दर्शक वॉल्टर हिल, नट वेस्ली स्नाइप्स आणि व्हिंग रेम्स, विषय तुरुंगातलं बॉक्सिंग. सरळ, गंभीर सिनेमा. तो बघितला नसला तरी काही अडत नाही, कारण 2006 च्या दुसऱ्या भागाने त्यातलं फक्त एक पात्र उचललं, बॉक्सिंग चॅम्पियन जॉर्ज चेंबर्स. तेही नट बदलून, आता मायकल जाय व्हाइट. चेंबर्सला रशियात ड्रग्जच्या खोट्या आरोपात अडकवून तुरुंगात टाकतात आणि तिथल्या विजेत्याशी लढायला भाग पाडतात. हा विजेता म्हणजे युरी बोयका. दाढी, अंगभर गोंदण, देवभोळा आणि क्रूर. ही भूमिका करणारा स्कॉट अ‍ॅडकिन्स इंग्लंडचा आहे.

दुसऱ्या भागाची खरी गंमत कथेच्या बांधणीत आहे. चेंबर्स बॉक्सर आहे, त्याला हात चालवता येतात, पाय नाहीत. लाथ, पकड, जमिनीवरची झुंज यातलं काही त्याला ठाऊक नाही. व्हीलचेअरवरचा एक म्हातारा कैदी त्याला हे सगळं शिकवतो. आपणही त्याच्याबरोबर शिकतो, त्यामुळे शेवटच्या लढतीत त्याने पाय उचलला की आपल्याला कळतं हा पाय कुठून आला. ज्यांनी कुस्ती बघितली आहे त्यांना पकडीची भाषा इथे लगेच कळेल: कोण कुणाच्या सांध्यावर वजन टाकतोय, कोण निसटायला जागा शोधतोय. निकालही पकडीनेच लागतो.

दिग्दर्शक आयझॅक फ्लोरेन्टाइन हा मूळचा इस्रायलचा, स्वतः कराटे केलेला, ‘पॉवर रेंजर्स’ या मुलांच्या टीव्ही मालिकेवर काम केलेला माणूस. दोन्ही गोष्टी जाणवतात. तो कॅमेरा मागे नेतो, शरीर पूर्ण दाखवतो आणि योग्य ठिकाणीच वेग कमी करतो. पण प्रत्येक लाथेला, कधी कधी कॅमेऱ्याच्या नुसत्या वळण्यालासुद्धा, ‘सूंऽऽ’ असा आवाज लावतो. पहिली दहा मिनिटं तो कानाला खटकतो, मग सवय होते. ज्याला सवय होणार नाही त्याने ही मालिका सोडून द्यावी, कारण हा आवाज तिसऱ्या भागातही आहे.

तिसरा भाग 2010 चा. इथे निर्मात्यांनी या प्रकारच्या सिनेमात क्वचितच दिसणारं शहाणपण दाखवलं: लोकांना खलनायक आवडला, म्हणून त्यालाच नायक केलं. दुसऱ्या भागात मोडलेला बोयकाचा गुडघा इथे कथेचा कणा झाला आहे. एके काळचा विजेता आता तुरुंगातली घाण उपसतोय. पुढे जॉर्जियातल्या तुरुंगात वेगवेगळ्या देशांच्या कैद्यांची स्पर्धा भरते आणि जिंकणाऱ्याला सुटकेचं आमिष दाखवलं जातं. बाकीच्यांना खाणीत दगड फोडायला लावतात, तर ज्याच्यावर आयोजकांनी पैसा लावलाय तो कोलंबियाचा दोलोर सावलीत आराम करतो. दोलोर झालाय चिलीचा मार्को झारोर. एवढ्या उंच, भरदार देहाचा माणूस हवेत गिरकी घेऊन लाथ मारतो तेव्हा आपण रिमोट हातात घेऊन मागे जातो आणि पुन्हा बघतो. कापोएरा ही नाचासारखी ब्राझिलियन युद्धकला खेळणारा लतीफ क्राउडरही याच भागात आहे. प्रत्येकाची लढण्याची शैली वेगळी ठेवली आहे, त्यामुळे लढती एकसारख्या वाटत नाहीत.

एक जागा नीट बघा. शेवटच्या लढतीत दोलोर त्या दुखऱ्या गुडघ्यावरच वार करत राहतो. त्यानंतर बोयकाचं उभं राहणंच बदलतं, वजन दुसऱ्या पायावर जातं आणि मारायची बाजूही बदलते. अ‍ॅडकिन्सला इथे संवाद जवळजवळ नाहीत, सगळं पायांतून कळतं. मोठ्या सिनेमांत नायकाची दुखापत पुढच्या दृश्यात विसरली जाते, इथे ती लढत संपेपर्यंत सोबत राहते.

उणिवा? आहेत, आणि ठळक आहेत. दोन्ही भागांत बाईला जागाच नाही. जुगारी, तुरुंगाधिकारी, माफिया ही सगळी मंडळी पुठ्ठ्याची. संवाद आधी ऐकल्यासारखे. रशिया आणि जॉर्जिया या नावांखाली दिसतात ती चित्रीकरणाला स्वस्त पडणारी ठिकाणं, दुसरा भाग तर बल्गेरियातलाच. तिसऱ्या भागात बोयका आणि अमेरिकन कैदी टर्बो यांची मैत्री मात्र खरी वाटते. टर्बो आधी फार बडबडतो, पण दगड फोडताना दोघांतलं वैर ज्या बेताने विरघळतं ते चांगलं लिहिलंय.

दोन्हींतून एकच निवडायचा तर कथा नीट हवी असणाऱ्याने दुसरा घ्यावा आणि मारामारीसाठीच बसणाऱ्याने तिसरा. मला स्वतःला तिसरा जास्त प्रिय आहे. पण दुसरा आधी बघितला असेल तर तिसऱ्यातला गुडघा जास्त दुखतो.

निंजा: पहिला टाळा, दुसरा बघा

दिग्दर्शक तोच फ्लोरेन्टाइन, नट तोच अ‍ॅडकिन्स, तरी दोन भागांत जमीन-अस्मानाचा फरक. 2009 चा पहिला भाग हौसेने केलेला, पण कॉम्प्युटरवर रंगवलेलं रक्त आणि वायरवरच्या उड्या यांनी अ‍ॅडकिन्सचं खरं कसब झाकून टाकलं. अस्सल मल्ल हाताशी असताना त्याला दोरीने उचलायचं कशाला, हेच कळत नाही.

2013 च्या ‘शॅडो ऑफ अ टिअर’मध्ये ही चूक सुधारली. चित्रीकरण थायलंडला, मारामारीची आखणी टिम मानची आणि वायरचा सोस जवळजवळ नाहीसा. नायक केसीच्या बायकोचा सुरुवातीलाच खून होतो आणि तो सूडाला निघतो. कथा म्हणून एवढंच. बायको मारली की नायक पेटतो, हा मार्ग इतका मळलेला आहे की इथेही तिला मरण्यापलीकडे काम नाही, आणि हे मला खुपतं. पण डोजोमधलं, म्हणजे मार्शल आर्ट्सच्या आखाड्यातलं, ते दृश्य पाहा: दुःखाने बेभान झालेला केसी तिथल्या एकेका शिष्याला अंगावर घेतो आणि कॅमेरा कट न करता त्याच्यामागे फिरत राहतो. दम लागलेला दिसतो, तो खोटा वाटत नाही. समोर केन कोसुगी आहे, ऐंशीच्या दशकातल्या निंजापटांनी गाजलेल्या शो कोसुगीचा मुलगा. शेवटची लढत त्याच्याशीच होते.

शस्त्रं, सूड, काळे कपडे आवडत असतील तर ‘अनडिस्प्युटेड’च्या आधी हा घ्या. पहिला भाग न बघता थेट यावर आलात तरी चालेल.

किकबॉक्सर: जुन्या ओढीसाठीच

1989 चा मूळ ‘किकबॉक्सर’ व्हॅन डॅममुळे आजही लोकांच्या लक्षात आहे. 1991 च्या दुसऱ्या भागात तो नाही. मग काय केलं? मूळ नायक आणि त्याचा भाऊ या दोघांनाही पहिल्या भागातल्या खलनायकाने, टॉंग पोने, गोळ्या घातल्या असं सांगून टाकलं आणि आजवर कुणी नावही न काढलेला तिसरा भाऊ पुढे आणला. पहिल्या भागात आपण ज्याच्यासाठी जीव टांगणीला लावला, त्याला असं वाऱ्यावर सोडणं हा प्रेक्षकाचा अवमान आहे. सिक्वेलचा हा रोग पुढेही गेला. चौथ्या भागात तर टॉंग पोचा नटसुद्धा बदलला.

नवा नायक साशा मिचेल दिसायला गोड आहे, वाईट नाही. पण दिग्दर्शक अल्बर्ट प्यून स्लो मोशन इतकं वापरतो की ठोशातला जोरच निघून जातो. डेनिस चॅनने रंगवलेला, पहिल्या भागातला गुरू शियान परत येतो, तेवढ्यापुरता सिनेमा उजळतो. लहानपणी पहिला भाग पारायणासारखा बघितला असेल आणि टॉंग पोचं पुढे काय झालं याची उत्सुकता असेल, तरच यावर दीड तास घाला.

याच जातीतली रॉजर कॉर्मनच्या कंपनीची ‘ब्लडफिस्ट’ मालिका तर आणखी पुढची. डॉन विल्सन हा खरा किकबॉक्सिंग विजेता तिचा नायक, पण तिसऱ्या भागापासून पुढच्या कथांचा आधीच्यांशी काही संबंधच नाही. नाव चालतं म्हणून नाव लावलं. त्यामुळे ती क्रमाने बघायच्या भानगडीत पडू नका.

राहिला ‘बोयका’, म्हणजे ‘अनडिस्प्युटेड’चा चौथा, 2016 चा. दिग्दर्शन टोडोर चॅपकानोव्हचं. बोयका आता बाहेर आहे आणि त्याच्या हातून रिंगणात एक प्रतिस्पर्धी मरतो. त्या माणसाच्या विधवेला माफियाच्या कर्जातून सोडवायला तो रशियाला जातो. मालिकेत पहिल्यांदाच एका बाईला राग, प्रश्न आणि नकार द्यायचा हक्क मिळालाय, आणि त्यामुळे बोयकाचं देवभोळेपणही खरं वाटतं. लढती टिम मानच्या, जोरकस, पण समोर झारोरच्या तोडीचा कुणी नाही. शेवटी अंगावर येणारा अजस्र देहाचा कोश्मार भीतीदायक दिसतो, पण लढायला जड पडतो. दुसरा आणि तिसरा आवडले तरच चौथ्याकडे वळा. एकटा बघितला तर अर्धाच पोहोचेल.

आणि काहीही निवडलंत तरी लहान मुलं झोपल्यावर लावा. हाडं मोडण्याचे आवाज या सगळ्यांत मोठे ठेवलेत.