वाचनालयाचं सभासदत्व : नऊ महिने वापरल्यानंतर

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात ५०० रुपये अनामत आणि महिना ६० रुपये वर्गणी भरून मी डोंबिवलीतल्या एका वाचनालयाची सभासद झाले. एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक, मुदत १५ दिवस, उशीर झाला तर दिवसाला १ रुपया दंड. आता मार्च लागला. पावसाळा, दिवाळी आणि मुलाची दहावी, तिन्हीतून वापरून झालंय, म्हणून लिहिते. वाचनालयाचं नाव लिहीत नाही, कारण खाली कुरकुरही आहे आणि देवघेवीच्या टेबलावर बसणाऱ्या ताईंना मला उद्या तोंड दाखवायचंय.

सभासद होण्यामागे वाचनप्रेम वगैरे नव्हतं, वाळवी होती. मे महिन्यात माळा साफ करायला काढला तेव्हा प्लायवूडच्या मागून मातीची रेघ वर चढलेली दिसली. सगळी पुस्तकं खाली उतरवली, पहिल्यांदाच मोजली. २१२. त्यातली ७४ मी वाचलेली नव्हती, ११ तर प्लॅस्टिकच्या वेष्टनातून बाहेरही आलेली नव्हती. वाळवीने फस्त केलेल्या ९ पुस्तकांपैकी ६ मी उघडलेली नव्हती. म्हणजे आमच्या घरात माझ्यापेक्षा जास्त वाचन वाळवीचं. नवरा एवढंच म्हणाला, "आता वाचायला तरी लाग, नाहीतर जागा तरी रिकामी कर." वन बीएचकेमध्ये हे वाक्य टोमणा नसतं, हिशोब असतो.

दर प्रदर्शनातून दोन पिशव्या आणायच्या, सवलत मिळाली म्हणून चार जास्त घ्यायची, ही माझी जुनी खोड. घेताना वाचल्याचंच समाधान व्हायचं, तिथेच सगळं बिघडायचं. ठरवलं की वर्षभर एकही पुस्तक विकत घ्यायचं नाही. घरातली ७४ आधी संपवावीत असं कुणीही शहाणा माणूस म्हणेल. मी प्रयत्न केला, दोन संपवली आणि तिसरं आठवडाभर उशाशी पडून राहिलं. मग वाचनालय.

फॉर्मबरोबर दोन फोटो, आधारची झेरॉक्स आणि ओळख म्हणून एका जुन्या सभासदाची सही लागते. सोसायटीतले एक काका तिथे तीस वर्षं जातात, त्यांनी सही केली आणि बजावलं, "पुस्तक हरवलंस तर मला विचारतील हो."

आता मुख्य गोष्ट. या सभासदत्वात सगळ्यात उपयोगी वस्तू पुस्तक नाही, मागच्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी आहे. आपलं पुस्तक कधीही वाचता येतं, म्हणून ते कधीच वाचलं जात नाही. या पुस्तकावर शिक्का बसला की १५ दिवस. शिवाय हातात एकच, त्यामुळे तीन अर्धवट ठेवून चौथं उघडायची सोय नाही. नऊ महिन्यांत मी २३ पुस्तकं पूर्ण वाचली आणि ६ सोडून दिली. सोडून देणं ही तर मला नवीनच चैन होती. स्वतःच्या पैशाचं पुस्तक ४० पानांवर टाकून देताना जीव तुटायचा. हे परत केलं, संपलं. तेच पुस्तक दुसऱ्या दिवशी कुणीतरी आवडीने घेऊन जातं.

चिठ्ठीवरच्या तारखा वाचायचाही नाद लागला. एका प्रवासवर्णनावर १९९४ मधले सहा-सात शिक्के लागोपाठ, मग १९९७, मग थेट २०११, आणि त्याखाली माझा. चौदा-पंधरा वर्षं त्याला कुणी हात लावला नव्हता. पुस्तक काही फार थोर नव्हतं, पण अर्धवट सोडवेना.

पुस्तकांची स्थिती : निम्मी ठीक, निम्मी दमलेली. खाकी कव्हर आणि जाड पुठ्ठ्याची बांधणी टिकाऊ असते, पण पुन्हा बांधताना शिलाई इतकी आत घेतात की ओळीतलं पहिलं किंवा शेवटचं अक्षर गडप होतं. मग पुस्तक दोन्ही हातांनी फाकवून धरायचं. सातच्या लोकलमध्ये उभ्याने हे जमत नाही, एक हात वर कडीला लागतो. आणि एका रहस्यकथेत पान १७६ नंतर थेट १९३. पुस्तकं सोळा-सोळा पानांच्या फॉर्ममध्ये छापून शिवतात, त्यामुळे दोरा तुटला की एक पान जात नाही, अख्खा फॉर्म जातो. माझ्या पुस्तकातला बारावा गेला होता आणि नेमक्या त्याच १६ पानांत दिवाणखान्यात काय घडलं ते होतं. ताईंना दाखवलं. त्यांनी शांतपणे पेन्सिलीने पहिल्या पानावर 'पाने नाहीत' असं लिहिलं आणि पुस्तक पुन्हा कपाटात ठेवलं.

वेळा हा या सभासदत्वाचा सगळ्यात मोठा दोष. सकाळी साडेआठ ते बारा, संध्याकाळी साडेचार ते आठ, सोमवारी बंद. मुंबईला नोकरी करणाऱ्याने काय करायचं? माझी गाडी वेळेवर असेल तर पावणेआठला डोंबिवलीत उतरते, मग पूर्वेच्या पुलावरची गर्दी, रिक्षा सोडून धावत जायचं आणि पोचेपर्यंत ताई खिडक्या लावत असतात. पहिल्या दोन महिन्यांत १४ रुपये दंड नुसता मध्य रेल्वेमुळे भरला.

यावर तोडगा सासूबाईंनी काढला. आमच्या आई ७१ वर्षांच्या, संध्याकाळी देवळात जातातच, वाचनालय वाटेवर. "दे इकडे, मी बदलून आणते," म्हणाल्या. पुस्तक बदलून आणणे हा शब्दप्रयोग त्यांच्याकडून पुन्हा ऐकला आणि लहानपणचं दुपारचं ऊन आठवलं. ऑगस्टपासून पुस्तक त्या आणतात. अर्थात त्यांच्या आवडीचं. आधी त्यांचं वाचून होतं, मग उरलेल्या सात-आठ दिवसांत माझं. यामुळे मी अशी पुस्तकं वाचली जी स्वतःहून कधी घेतली नसती. एका नर्सबाईंचं आत्मकथन, सर्कशीत काम केलेल्या माणसाच्या आठवणी, आणि चार ऐतिहासिक कादंबऱ्या. त्यातल्या तीन मी सोडल्या. सोडलेल्या सहांतल्या निम्म्या इथेच गेल्या.

त्यांची एक सवय तेव्हा कळली. वाचून झालेल्या पुस्तकाच्या पान ३१ वर, खालच्या कोपऱ्यात त्या बारीक फुली मारतात. तेच पुस्तक पुन्हा घरी येऊ नये म्हणून. "पुस्तकावर लिहू नये असा शिक्का आहे आई," मी म्हटलं, तर म्हणाल्या, "फुली म्हणजे काय लिहिणं आहे का?" मग मी बघायला लागले तर पान २५ वर गोल, पान ५० वर टिंब, पान ११ वर इंग्रजी के. म्हणजे डोंबिवलीतल्या निम्म्या ज्येष्ठ नागरिकांची ही व्यवस्था आहे. वाचनालयाच्या संगणकापेक्षा ती भरवशाची आहे, हे मी अनुभवाने सांगते.

कारण संगणकावरची यादी. शीर्षक टंकून शोधायचं असतं आणि टंकणाऱ्याने ऱ्हस्व-दीर्घ काय मनात धरलं होतं ते आपल्याला ओळखावं लागतं. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ केला, म्हणून जुन्या मुखपृष्ठावर 'स्मृति' असतं आणि नवीन आवृत्तीवर 'स्मृती'. समासात पहिलं पद असेल तर ते ऱ्हस्वच राहतं, 'स्मृतिग्रंथ'. यादीत तिन्ही ठिकाणी दोन्ही प्रकार सापडतात. मी चार-चार वेळा टंकून नाद सोडला. ताईंना लेखकाचं अर्धं नाव आणि मुखपृष्ठाचा रंग सांगितला की त्या न उठता सांगतात, "डावीकडून तिसरं कपाट, खालचा कप्पा, पण गेलंय बाहेर. नाव लावून ठेवू?"

दिवाळी अंकांची योजना वेगळी, २५० रुपये, नोव्हेंबर ते जानेवारी. रोज एक अंक बदलता येतो. याला पाचपैकी पाच गुण. मराठीत दिवाळी अंकाची प्रथा काशीनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये सुरू केली, आणि आमच्या घरात ती यंदा पहिल्यांदा पूर्ण वसूल झाली. आईंनी ३८ अंक वाचले, मी १९. तक्रारी दोनच. पाककृतींचे अंक पहिल्याच आठवड्यात गायब होतात आणि ते कुणाकडे आहेत हे सगळ्यांना माहीत असतं. आणि शब्दकोडं आपल्या हाती येईपर्यंत सोडवलेलं असतं, तेही पेनने, तेही चुकीचं.

नवीन पुस्तकं उशिरा येतात. ज्याची चर्चा गणपतीत झाली ते जानेवारीत आलं आणि त्यावर ११ नावं लागलेली होती. आधी वैतागले, मग ताईंशी बोलताना थोडं कळलं. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्यानुसार वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडतात आणि वर्गानुसार सरकारी अनुदान मिळतं. तामिळनाडूत १९४८ च्या कायद्यापासून मालमत्ता कराबरोबर ग्रंथालय कर घेतात, तशी तरतूद आपल्या कायद्यात नाही. त्यामुळे अनुदान, वर्गणी आणि देणग्या यांवर गाडा. आमच्याकडे चौथा आधार म्हणजे वरच्या मजल्यावरची अभ्यासिका, जिथे स्पर्धा परीक्षेची मुलं सकाळपासून बसलेली असतात. त्यांच्या मासिक फीतून कादंबऱ्या येतात, असं म्हटलं तरी चालेल. जवळच कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून. इतकी वर्षं ही दारं उघडी ठेवणाऱ्यांबद्दल मला आता आदर आहे, पण संध्याकाळी साडेआठपर्यंत उघडी ठेवली असती तर तो वाढला असता.

पैशाचं सांगते, कारण सगळे तेच विचारतात. नऊ महिन्यांची वर्गणी ५४०, दिवाळी अंक २५०, दंड एकूण ३७. ८२७ रुपये. अनामत परत मिळते. त्याआधीच्या वर्षी मी पुस्तकांवर किती घालवले ते बँकेच्या पासबुकात आणि ऑनलाइन ऑर्डरींत शोधलं, ११,४०० निघाले. वाचलेल्या पुस्तकांचा भाव काढवत नाही.

कुणी घेऊ नये? ज्यांना पुस्तकात रेघा मारायच्या असतात त्यांनी. ज्यांना एकच पुस्तक वर्षभर हळूहळू वाचायचं असतं त्यांनीही, कारण मुदत दोनदाच वाढवून मिळते. धूळ आणि जुन्या कागदाने शिंका येत असतील तर आधी दहा मिनिटं कपाटांत उभं राहून बघा. मला पावसाळ्यात त्रास झाला. ओलसर वासाची पुस्तकं मी पंख्याखाली रात्रभर उघडी ठेवायचे.

घरच्या ७४ चं काय झालं? त्यांनाही तारखेच्या चिठ्ठ्या लावून पाहिल्या. काही उपयोग नाही, स्वतःला दंड लावता येत नाही. ४० पुस्तकं वाचनालयाला दिली. त्यांतली १७ त्यांनी ठेवून घेतली आणि बाकीची नम्रपणे परत केली, त्यांच्याकडे होती म्हणून. जानेवारीत आई माझंच एक पुस्तक वाचनालयातून घेऊन आल्या. प्लॅस्टिकच्या वेष्टनातल्या अकरांपैकी एक. आता त्यावर दाखल क्रमांक होता, खाकी कव्हर होतं, मुदतीची तारीख होती. सहा दिवसांत वाचून झालं.

परवा वर्गणी भरायला दोघी गेलो. आईंना आता एक पुस्तक पुरत नाही आणि माझी वाट बघायची नाही, त्यांना स्वतंत्र कार्ड हवं होतं. दोन फोटो त्या घरूनच घेऊन आल्या होत्या. फॉर्मवर ओळख देणाऱ्या सभासदाच्या जागी ताईंनी माझ्याकडे पेन सरकवलं.