फवारणीच्या शेजारचं तळं: माशांच्या खाद्यात लसूण, हळद, शेवगा की स्पिरुलिना?

आमच्या शेततळ्याच्या वरच्या अंगाला भेंडी असते. एका वर्षी फवारणीच्या दुसऱ्याच दिवशी वळीव कोसळला आणि ओघळ थेट तळ्यात उतरला. सकाळी पाहतो तर रोहू एका कुशीवर कलंडून गोल गोल फिरत होते, मधूनच झटका आल्यासारखे उसळत होते. ऑक्सिजन कमी पडला की मासे पहाटे तोंड वर काढून धापा टाकतात आणि ऊन चढलं की सावरतात. आमचे रोहू मात्र ऊन चढल्यावरही सावरले नाहीत, म्हणजे हा फवारणीच्या विषाचा परिणाम होता.

सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिनसारखी कीटकनाशकं लिटरमागे काही मायक्रोग्रॅम असली तरी मासे मारतात. असा लोंढा आला तर खाद्यातली कोणतीही वनस्पती मासा वाचवत नाही. लसूण, हळद, शेवगा, स्पिरुलिना हे खाद्यात मिसळायचे पूरक उपयोगी पडतात ते थोडं थोडं विष वारंवार झिरपतं तिथे. अशा विषाने माशांच्या पेशींवर ऑक्सिडेशनचा ताण येतो, म्हणजे शरीरात तयार होणारे घातक ऑक्सिजन-कण पेशींना इजा करतात, यकृत आणि कल्ले खराब होतात, वाढ खुंटते. तो ताण कमी करणं एवढंच यांचं काम.

पुराव्याच्या बाजूने स्पिरुलिना मला सर्वांत भक्कम वाटते. शास्त्राच्या भाषेत ती वनस्पती नव्हे, निळं-हिरवं शेवाळ आहे, पण दुकानात ती याच रांगेत मिळते. इजिप्तमध्ये नाईल तिलापिया या माशाला खाद्यात ०.५ आणि १ टक्का स्पिरुलिना देऊन डेल्टामेथ्रिनच्या पाण्यात ठेवलं, तेव्हा यकृताची हानी कमी दिसली. शिवाय तिच्यात साठ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. अडचण पैशाची. तळ्यात ५०० किलो मासळी असेल आणि वजनाच्या २ टक्के खाद्य देत असाल, तर दिवसाला १० किलो खाद्य लागतं. त्यात १ टक्का म्हणजे रोज १०० ग्रॅम, महिन्याला ३ किलो स्पिरुलिना. मोठ्या तळ्याला हा खर्च झेपत नाही. बोटुकलीच्या (बोटाएवढ्या पिल्लांच्या) छोट्या टाक्यांना मात्र जरूर द्यावी.

लसूण स्वस्त आणि घरचा. त्याच्यातला गुणकारी घटक, अॅलिसिन, पाकळी ठेचल्यावरच तयार होतो आणि उष्णतेने जातो, म्हणून ठेचून दहा मिनिटं तसाच ठेवा, उकळू नका. वासाने मासे खाद्यावर लवकर येतात, हा मला दिसलेला फायदा. १० किलो खाद्याला १०० ग्रॅमपासून सुरुवात करावी.

हळदीतलं कर्क्युमिन हे पिवळं द्रव्य यकृतासाठी चांगलं, पण ते पाण्यात विरघळत नाही आणि आतड्यातून फारसं शोषलं जात नाही. त्यामुळे कोरडी पूड खाद्यावर भुरभुरवणं वाया जातं, निम्मी तर पाण्यावरच तरंगते. १० किलो गोळी खाद्याला ५० ते १०० ग्रॅम पूड थोड्या तेलात कालवून चोळा आणि सावलीत वाळवा. तेलाने कर्क्युमिन विरघळतं आणि गोळीला चिकटूनही राहतं. पूड सुटी घेऊ नका, रंगाची भेसळ असते. हळकुंडं आणून दळा.

शेवग्याचा पाला औषधापेक्षा खाद्याचा घटक म्हणून पाहावा. प्रथिनं भरपूर, पण टॅनिन आणि सॅपोनिन ही पचनात अडथळा आणणारी द्रव्यंही आहेत. प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेलं की वाढ मंदावते. वाळवून, दळून ५ टक्क्यांच्या आत ठेवा.

कडुनिंब टाळा. त्याचा अर्क स्वतःच कीटकनाशक आहे आणि जास्त झाला तर माशांनाच बाधतो. झाडपाल्याचं म्हणजे निरुपद्रवी, हा समज आपल्याकडे फार खोल आहे, म्हणून आठवण देतो: तळ्यातले नको असलेले मासे मारायला हेक्टरी दोन-अडीच हजार किलो मोहाची पेंडच टाकतात.

भुस्सा आणि पेंड गोणीत भरून टांगत असाल तर लसूण घ्या, पूड गोणीतून धुऊन जाते. गोळी खाद्य देत असाल तर तेलातली हळद, जमल्यास सोबत लसूण. फवारणीचा हंगाम सुरू होण्याआधी दोन-तीन आठवडे चालू करा.

मात्र यातला एकही रुपया खर्च करण्याआधी वरच्या बाजूचा बांध उंच करा आणि ओघळ वळवणारी चर खोदा. शेजाऱ्याला फवारणीचा दिवस आधी सांगायला सांगा. आमचे भेंडीवाले आता आदल्या संध्याकाळी फोन करतात आणि मी तळ्यात येणारी पाइप बंद करून ठेवतो. तरीही विष शिरलंच, तर खाद्य लगेच थांबवा आणि विहिरीचं स्वच्छ पाणी सोडा.