मोपा विमानतळावरची 'हायस्पीड' शटल आणि आमचे अठराशे रुपये

रक्कम फार मोठी नाही. पण ती गेली गोव्यात, जिथे मी दहावीपर्यंत शिकलो, म्हणून जास्त झोंबलं.

फेब्रुवारीत आत्याला घेऊन दिल्लीहून मोपाला उतरलो. रत्नागिरीला मुंज होती. वंदे भारतची तिकिटं थिवीहून काढली होती. पावसाळा सोडला तर ही गाडी मडगावहून दुपारी २.४० ला सुटते आणि थिवीला तीन वाजून गेल्यावर येते. आम्ही बाराच्या सुमारास बाहेर आलो, म्हणजे घाई मुळीच नव्हती. मी गोवा सोडला तेव्हा मोपाला नुसतं पठार होतं. विमानं उतरायला लागली जानेवारी २०२३ पासून. त्यामुळे तिथून बस कुठे मिळते याचा मला पत्ता नव्हता, आणि तो नसल्याचं आत्यासमोर दाखवायचंही नव्हतं.

बाहेर पडतोय तोच एक जण समोर आला. इस्त्रीचा निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात पावतीपुस्तक. बाजूच्या पाटीवर 'हायस्पीड रेल शटल'. तिथेच थबकायला हवं होतं. गोव्यात कुठलं आलंय हायस्पीड स्टेशन? देशातला तसला पहिला मार्ग मुंबई-अहमदाबाद, त्याचंच काम अजून चालू आहे. कोकण रेल्वेवर वंदे भारतसुद्धा ताशी १२० च्या वर पळत नाही. पण पाटी छापील होती.

"कदंबची बस?" मी विचारलं. कदंब म्हणजे गोव्याची सरकारी बस.

"ती आत्ताच गेली, पुढची तीनला. तुमची गाडी चुकेल. ही रेल्वेचीच आहे, स्टेशनच्या दारात सोडते." माणशी नऊशे.

आत्याने माझी बाही ओढली. "अरे, थिवी इथून जवळ ना? मडगावला जायचं असतं तर एक वेळ समजलं असतं." बरोबर होतं तिचं. मडगाव साठेक किलोमीटर, थिवी त्याच्या निम्म्याहूनही कमी. मी म्हटलं, "तू थांब गं जरा." (हे वाक्य मुंजीत निदान सहा जणांनी मला ऐकवलं.)

क्यूआर स्कॅन केला. नाव आलं कुणा बाईचं, पुढे ना रेल्वे ना ट्रान्सपोर्ट. मी ते वाचलं आणि तरीही पिन टाकला. याचं कारण मला आजही सांगता येत नाही.

टेंपो ट्रॅव्हलरमध्ये आणखी चार-पाच पर्यटक होते. धारगळला हायवेला लागल्यावर ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली. "स्टेशनवाले उतरा, मागून दुसरी गाडी येतेय." आमच्या बॅगा त्यानेच उतरवून दिल्या, अगदी अदबीने. "मला फक्त बागा बीचचं भाडं सांगितलंय," एवढं म्हणाला आणि गेला. खोटं बोलत असेलसं वाटत नाही.

मागून काही आलं नाही. पावतीवरचा नंबर लागेना. पाऊण तास उन्हात, आत्याच्या डोक्यावर माझा टॉवेल. शेवटी नारळ घेऊन चाललेल्या एका पिकअपवाल्याने "खंय वचपाचें?" म्हणत गाडी थांबवली, आत्याला पुढे बसवलं, मला नारळांवर, आणि थिवी स्टेशनात सोडलं. पैसे घेईना. आत्याने जबरदस्तीने दोनशे त्याच्या खिशात कोंबले.

कदंबच्या इलेक्ट्रिक बसेस मोपाहून पणजी-मडगावकडे जातात. बस गेली की आहे, हे कदंबच्याच माणसाला विचारा, पाटी घेऊन उभ्या असलेल्याला नाही. टॅक्सी हवी तर काउंटरवरून घ्या. क्यूआरवर खासगी नाव दिसलं तर फोन खिशात घाला. आणि तिकीट काढतानाच बघा, विमान मोपाला उतरतंय की दाबोळीला. दाबोळीहून मडगाव जवळ, मोपाहून थिवी. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन लावा. पैसे पुढे सरकले नसतील तर खात्यात अडवता येतात. मी फोन लावला तो वंदे भारतमध्ये बसल्यावर, तीनेक तासांनी. तक्रार क्रमांक मिळाला, पैसे अजून नाहीत.

कणकवली गेल्यावर आत्या म्हणाली, "बघू ती पावती." चष्मा लावून तिने फोन नंबरवर बोट फिरवलं, दोनदा मोजलं.

"नऊच आकडे आहेत रे."