मधली इटली: छोटी गाडी घ्यावी की मोटरहोम?

रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस एवढंच करायचं असेल तर सरळ ट्रेनने जा. प्रश्न येतो तो मधल्या इटलीचा: सिएना, पिएन्झा, ओर्व्हिएतो आणि त्यांच्यामधली द्राक्षमळ्यांची, ऑलिव्हची डोंगरउतरण. तिथे नीट फिरायचं तर एकतर छोटी गाडी भाड्याने घेऊन रात्री अ‍ॅग्रीतुरिस्मोत, म्हणजे शेतावरच्या घरगुती मुक्कामात राहायचं, नाहीतर मोटरहोम, म्हणजे आतच झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी घ्यायची. आम्ही दोन्ही करून पाहिलं आहे. दोन्ही वेळा आई बरोबर होती आणि माझ्या मताचं मूळ तिथेच आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

छोट्या गाडीचं सुख मोठं आहे. सिएनाच्या दक्षिणेला व्हॅल दोर्चा ही दरी आहे, तिथल्या पांढऱ्या कच्च्या रस्त्यांवर ती बिनधास्त घालता येते. मोटरहोम घेऊन तिथे समोरून ट्रॅक्टर आला की घाम फुटतो. अ‍ॅग्रीतुरिस्मोचं तर कौतुकच करावं. 2006 च्या कायद्याने तिथे शेती हाच मुख्य व्यवसाय असावा लागतो, पाहुणे हा जोडधंदा. त्यामुळे ताटात येणारं तेल बऱ्याचदा समोरच्याच झाडांचं असतं. दोघंच असाल, उशिरा जेवायची सवय असेल, तर पुढे फार विचार करू नका.

आम्हाला नडलं ते जेवणाचं घड्याळ. गावातल्या खानावळींची स्वयंपाकघरं दुपारी अडीचच्या सुमारास बंद होतात, ती उघडतात संध्याकाळी साडेसातला. शेतावर जेवण आठला, सगळ्यांना एकत्र, एकेक पदार्थ सावकाश. यजमानांच्या अगत्यात काही कमी नव्हतं. पण आईला मधुमेह आहे, सातच्या आत जेवण लागतं, आणि ती शाकाहारी. मधल्या वेळात बारमध्ये, म्हणजे तिथल्या कॅफेत मिळायचं ते डुकराच्या मांसाचे काप घातलेलं सँडविच, नाहीतर गोड पाव. मग चार वाजले की गाव बघणं बाजूला राहायचं आणि आईच्या खाण्याची शोधाशोध सुरू व्हायची. सान जिमिन्यानो या जुन्या गावाचे 14 मनोरे उन्हं कलताना पाहावेत. आम्ही त्या वेळी किराणा दुकान शोधत होतो. एक दिवस हे चालतं. रोज चाललं की प्रवासाची चवच जाते.

मोटरहोममध्ये हा प्रश्न उरलाच नाही. ओर्व्हिएतोला रेल्वे स्टेशनच्या मागे मोटरहोमसाठी तळ आहे आणि वर खडकावरच्या गावात जायला तिथूनच फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने चढावर ओढली जाणारी छोटी रेल्वे मिळते. दिवसभर वर फिरलो, 1290 मध्ये बांधायला घेतलेल्या कॅथेड्रलसमोर आई मनसोक्त बसली, आणि साडेसहाला खाली येऊन पिठलं-भात. चण्याचं पीठ इटलीत सहज मिळतं, लिगुरिया प्रांतात त्याचे जाड घावन करतात. फोडणीचं तेवढं घरून न्यावं. जेवून आम्ही पुन्हा वर गेलो, सगळं गाव रस्त्यावर गप्पा मारत फिरत होतं, त्यांच्यात मिसळलो.

जुन्या शहरांत मोटरहोम अडचणीचं, असं सगळे म्हणतात. अरुंद गल्ल्यांचं म्हणाल तर खरं आहे. पण माझा अनुभव थोडा वेगळा आहे. जुन्या शहरांत झेडटीएल, म्हणजे मर्यादित वाहतुकीचा भाग असतो. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड काही महिन्यांनी गाडी देणाऱ्या कंपनीमार्फत, वर तिचं शुल्क लागून येतो. छोट्या गाडीला फोनवरचा नकाशा बेलाशक आत नेतो, त्यामुळे सारखं डोळ्यांत तेल घालून चालवावं लागतं. मोटरहोम आत न्यायचा विचारच मनात येत नाही. ते बाहेर उभं राहतं, तुम्ही निवांत. फ्लोरेन्ससाठी ए-1 महामार्गावरून न उतरताच व्हिला कोस्तान्झाच्या तळावर थांबता येतं, पुढे ट्राम थेट शहरात. व्हेनिसला फुसिनाच्या कॅम्पसाइटपासून बोट.

त्रास आहेतच. शौचालयाची टाकी नेमाने रिकामी करावी लागते आणि ते काम कुणालाच आवडत नाही. अमाल्फीच्या किनारी रस्त्यावर मोटरहोमला दिवसा जाऊ देत नाहीत, तो भाग वगळाच. भाडं आणि डिझेल धरता खर्च आमच्या हिशेबाने थोडा जास्तच आला. आणि एक नियम माहीत हवा: इटलीच्या वाहतूक कायद्यातल्या 185 व्या कलमानुसार गाडी फक्त चाकांवर उभी असेल, तिने स्वतःपुरतीच जागा घेतली असेल आणि सांडपाणी बाहेर सोडलं नसेल, तर ते नुसतं पार्किंग. बाहेर खुर्च्या मांडल्या, बाजूचं कापडी छत उघडलं, की तो मुक्काम झाला, आणि तो अधिकृत तळावरच करावा.

तुमच्याबरोबर कुणी वयस्कर किंवा लहान मूल नसेल तर तुमचा कौल वेगळा पडू शकतो. पण वेळेवर जेवणारं कुणी बरोबर असेल तर मी मोटरहोमच सुचवीन. सहा मीटरच्या आतलं घ्या. पलंग मागे, खाली आणि कायमचा हवा. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पलंगावर शिडीने चढणं आईला जमलं नसतं. जायचं मे किंवा सप्टेंबरात. 15 ऑगस्टच्या आसपास इटालियन कुटुंबंच सुट्टीवर निघालेली असतात, तेव्हा चांगल्या तळांवर जागा मिळणं कठीण.