तुटलेल्या दाताच्या जागी त्याच दिवशी इम्प्लांट आणि कॅप: आठ महिन्यांच्या वापरानंतर

वरचा पुढचा दात मुळापर्यंत उभा चिरला की तो काढावाच लागतो, रूट कॅनलने भागत नाही. त्याच बैठकीत टायटॅनियमचं इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचं स्क्रूसारखं कृत्रिम मूळ, आणि वर तात्पुरती कॅप, ही पद्धत आठ महिन्यांनंतरही पटते. मात्र ती पहिली कॅप दिसण्यापुरतीच असते, चावण्यासाठी नाही.

अर्धं काम दात काढतानाच ठरतं. ओठाकडची हाडाची भिंत बहुधा एक मिलिमीटरहूनही पातळ असते. ओढाताणीत ती मोडली की पुढे हिरडी वर सरकते आणि दात लांब दिसू लागतो. म्हणून आधी सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) हवाच. इम्प्लांट टाळूच्या बाजूला धरून, मुळाच्या टोकापलीकडे 3 ते 4 मिमी हाडात रोवतात. ओठाकडे उरलेली फट बोन ग्राफ्टने, म्हणजे हाडाच्या भरावाने, भरतात. आवळताना साधारण 35 न्यूटन-सेंटीमीटर टॉर्क (पिळाचा जोर, म्हणजेच पकडीचं माप) मिळाला तर त्याच दिवशी कॅप. तेवढी पकड नसेल आणि डॉक्टर थांबा म्हणाले, तर घाई करू नका.

कॅप बसल्यावर निळा कार्बन पेपर दातांत धरून चावा, मग जबडा पुढे आणि दोन्ही बाजूंना सरकवा. शेजारच्या दातांवर निळे ठिपके उमटतील, या कॅपवर एकही उमटता कामा नये. उमटला तर तिथल्या तिथे घासून घ्या.

खरा धोका तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. सूज उतरलेली, दुखणं थांबलेलं, आणि नेमकी तेव्हाच पकड सर्वांत कमी: जुनं हाड झिजत असतं, नवं अजून कच्चं असतं. खऱ्या दाताच्या मुळाभोवतीचे तंतू जास्त जोर पडला की लगेच कळवतात; इम्प्लांटला ते नसतातच. न दुखता ते हलत राहतं आणि हाडाऐवजी भोवती मऊ तंतू भरतात. किमान सहा ते आठ आठवडे पुढच्या दातांनी काही तोडू नका. सिगारेट तर पूर्ण बंद.

कायमची कॅप साधारण तीन ते सहा महिन्यांनी. जमत असेल तर स्क्रूवाली घ्या. सिमेंटने चिकटवलेल्या कॅपमध्ये सिमेंटचा कण हिरडीखाली राहिला की तिथे सूज धरते. कॅप डुगडुगली तर बहुतेकदा आतला स्क्रू ढिला झालेला असतो. तशीच वापरली तर तो तुटतो, आणि तुटलेला तुकडा काढणं फार जिकिरीचं. रोज सुपरफ्लॉस (कॅपभोवती साफ करायचा जाडसर दोरा) फिरवा. रक्त दिसलं तर दाखवून या.

इम्प्लांटच्या डबीवरचं कंपनी, माप आणि लॉट नंबरचं स्टिकर मागून घ्या. पुढे दुसऱ्या डॉक्टरांना कॅप उघडायची झाली, तर कोणता स्क्रूड्रायव्हर लागेल हे त्यावरूनच कळतं.